साडेतीन मिनिटांची संमती

पडद्यावर हिरवी सूचना: नजर समोर ठेवा.

आंब्याच्या फांदीला सुतळीनं बांधलेला फोन.

उन्हात पसरलेली उसिपाची बारीक मासळी. तिच्यावर टपलेली कोंबडी.

चौदा वर्षं.

शुक्रवार, दुपारी बारा.

सासरे.

या साऱ्याची गाठ एकमेकांशी कशी पडते हे कळेपर्यंत एनेलेसी म्क्वेझालांबा दोनदा नापास झाली होती.

चिक्वावा जिल्ह्यातल्या खेड्यांत मलेरियाच्या संशोधनासाठी कुणाचं रक्त घ्यायचं, तर आधी त्याची संमती घ्यावी लागते. ती कशी घ्यायची हे एनेलेसी चौदा वर्षं शिकवत आली होती. दवाखान्यामागच्या खोलीत, चटईवर बसून. यंदा खोलीला कुलूप. सगळं शिक्षण फोनवर आलं, आणि शिकवणाऱ्यांनीही परीक्षा द्यायची असं ठरलं. शुक्रवारी बारापर्यंत प्रमाणपत्र आलं नाही, तर सोमवारी गावोगाव निघणाऱ्या पथकाच्या गाडीत जागा नाही. म्हणजे कामच नाही.

परीक्षा दिसायला सोपी. साठीपुढच्या माणसासमोर बसा, साडेतीन मिनिटांत संमती घ्या, चित्रण पाठवा. गाव शेतावर गेलेलं. रिकामे सापडले ते मामंजी. तिथंच घोळ झाला.

पहिल्या खेपेला घरचे कसे आहेत, शेळी व्याली का, परवा मातीला कोण कोण आलं होतं, हे विचारण्यातच वेळ संपला. दुसऱ्या खेपेला सासऱ्यापुढं सुनेची मान खाली जाते तशी तिची गेली. निकाल आला: लक्ष विचलित. अनुत्तीर्ण.

तिनं ब्लँटायरच्या समन्वयकाला, तियामिकेला, फोन लावला.

"मॅडम, मशीन तपासतं. मी काय करू?"

"तू माझ्याच हाताखाली शिकलास ना रे? सासऱ्याच्या डोळ्याला डोळा लावायला मी शिकवलं होतं?"

"मला सासरे नाहीत, मॅडम."

"मग तुझ्याशी बोलून काय उपयोग! ठेव."

शेवटची खेप. शुक्रवारचे साडेअकरा वाजलेले.

"मामंजी, रागावू नका. आज मी वर बघणार आहे."

"बघ बाई. चौऱ्याहत्तर वर्षांचं तोंड, त्यात बघण्यासारखं काय उरलंय!"

तिनं मान वर केली. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला दिसलं की मामंजींच्या डाव्या डोळ्यावर पांढुरका सारा आला आहे. पण घड्याळ पळत होतं. बोटाच्या टोकातून रक्त, वर्षातून तीनदा, नाव गुप्त राहील, केव्हाही नाही म्हणता येईल. सगळं तिनं एका दमात म्हटलं. "तुमची संमती आहे का?"

म्हाताऱ्यानं मासळीवरची कोंबडी हाकलली.

"नाही," तो म्हणाला.

"काय?"

"नाही म्हटलं. रामराम नाही, विचारपूस नाही. पोलिसासारखी डोळे रोखून बसलीस! असं कुणी दारात आलं तर रक्त कसलं, मी पाणीसुद्धा देणार नाही."

अठ्ठावीस सेकंद उरले होते. तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हातारा वरमला. "बरं, तुझं काम जाणार असेल तर म्हणतो हो. काय बोलू, सांग."

'हो, माझी संमती आहे' हे वाक्य तिच्या अगदी जिभेवर आलं. तिला म्हाताऱ्याचा राग आला, फोनचा आला, स्वतःचा सगळ्यात जास्त.

"नको, मामंजी. तुमचं 'नाही' मी ऐकलं." मग कॅमेऱ्याकडे बघून: "यांनी नकार दिला आहे. मी थांबते." गुडघे टेकून तिनं निरोपाच्या हलक्या टाळ्या वाजवल्या.

निकाल आला: संमती मिळाली नाही. अनुत्तीर्ण. शिल्लक प्रयत्न: शून्य.

"काय म्हणतंय?"

"तुम्ही नाही म्हणायला नको होतं, म्हणतंय."

"मग विचारलं कशाला?"

एनेलेसीला सुतळीची गाठ सुटेना. शेवटी तिनं ती दातांनी तोडली.

सोमवारी गाडी तिच्या दारावरून न थांबता गेली.

हा अभ्यासक्रम बनवणाऱ्यांनी मार्चमध्ये एनेलेसीकडूनच संमती कशी घ्यायची याची टिपणं मागवली होती. तिनं एकोणीस पानं हातानं लिहून पाठवली होती.