सुटं गाणं

तुकडा पहिला.

आईचं पत्र मिसिसिपीहून आठ दिवसांनी हॉलिवूडला पोचलं. 'शनिवारी सिनेमा बघितला. वरच्या सज्जात सगळी आपलीच माणसं होती. चर्चमधल्या बायका ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. सिनेमा बरा आहे. तू त्यात नव्हतीस.'

लुएला पेटवेचा हा चौथा सिनेमा. आधीच्या तिन्ही वेळी आईने 'मला डुलकी लागली असेल' असंही लिहिलं होतं. या वेळी ते वाक्य नव्हतं.

तुकडा दुसरा.

स्टुडिओत लुएलाचं गाणं नेहमी सुटं घेत. पियानोशी उभं राहायचं, गायचं, टाळ्या घ्यायच्या, निघायचं. कुणी तिच्याशी बोलायचं नाही, तिने कुणाशी नाही. दक्षिणेतल्या थिएटरवाल्यांना पडद्यावर काळी मोलकरीण चालायची, नटूनथटून गाणारी काळी बाई चालायची नाही. गाणं सुटं असलं की तिकडे पाठवताना कात्रीचं काम सोपं.

"पुढच्या सिनेमात मला हिरोबरोबर एक वाक्य मिळालं तर?" तिने हेझल डन्फीला विचारलं. हेझल वीस वर्षं याच स्टुडिओत फिल्म कापत आणि जोडत आली होती. "नुसतं 'या, बसा' चालेल मला."

"वाक्य मागितलंस तर घरीच बसवतील, पोरी. वाक्य नको, टोपी घे."

"कुणाची?"

"त्याचीच. हॉटेलात तुझं गाणं चालू असताना त्याने ती पियानोवर ठेवायची आणि विसरून जायचं. घरी पोचतो तर बोडका. बायको विचारते, टोपी कुठे ठेवून आलात? तिथून त्यांचं भांडण. आता कापा म्हणावं."

"तो ऐकेल?"

"त्याने नवे केस बसवून घेतलेत. ते दाखवायला मिळणार म्हटल्यावर तो आपल्याच पाया पडेल."

तसंच झालं. दिग्दर्शकालाही भांडण आवडलं. लुएलाने घरी लिहिलं, 'आई, या वेळी डोळे मिटू नकोस.'

तुकडा तिसरा.

गाणं. तीन मिनिटं दहा सेकंद. इथून काढलं आहे.

तुकडा चौथा.

गावात काळ्यांच्या वस्तीत फोन एकच, टोलिव्हरकडे. टोलिव्हर शवपेट्या विकायचा. रविवारी दुपारी ठरल्या वेळी लुएलाने तो फोन लावला.

"लवकर बोल," आई म्हणाली. "इथे शिरताना मला शेजारणीने बघितलंय. एव्हाना मयताची फुलं सांगून आली असेल."

"बघितलास?"

"बघितला. तो माणूस टोपी घालून हॉटेलात गेला आणि बोडका घरी आला. बायको म्हणते, टोपी कुठे? तर आपला रूफस सज्जातून म्हणतो, आम्हालाही सांग बाबा. सगळे हसले."

कथा मध्येच तुटलेली कुणी लोकांना दाखवणार नाही, असं लुएलाने आणि हेझलने धरलं होतं.

"तूही हसलीस?"

"मी कशाला हसू? मला ठाऊक होतं ना, तो कुणाजवळ ठेवून आला ते."

"आई, इकडे ये. मी तिकीट पाठवते. इथे पूर्ण दाखवतात."

"तीन दिवस गाडीत? या गुडघ्यांनी?"

"मी येते न्यायला."

"काम सोडून येऊ नकोस." आईने फोन दुसऱ्या कानाला लावल्याचा आवाज आला. "काय घातलं होतंस?"

"पिवळा झगा. खांद्यावरून तो..."

"आधी केस."

"केस मागे घेऊन वर बांधले होते. कानात लोंबते मोती. स्टुडिओचे, खोटे."

"खोटे कशाला सांगतेस? पुढे."

"गळा मोकळाच. मग झगा. कमरेपर्यंत घट्ट, आणि खाली त्याचा घेर इतका की पियानोला..."

"सावकाश," आई म्हणाली. "बघतेय मी."