पाण्याचा घोट आणि बावन्न पत्ते

घरात काही हरवलं की आधी सगळ्यांच्या माना मावशीकडे वळायच्या. दूध उतू जायला ठेवून शेजारी गप्पा मारत बसणारी ती. एकदा बहिणीकडे निघाली आणि भलत्याच बसमध्ये चढून शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचली. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाऊजी, तिला तोंडावर 'विसरभोळी' म्हणायचे. उभी हयात शिलाई कारखान्यात काढून ती निवृत्त झाली, कारखाना सुटला, पण हे नाव काही सुटलं नाही.

त्यामुळे एका दुपारी बहिणीच्या स्वयंपाकघरात ती सहज म्हणाली, "मी सध्या पत्ते पाठ करतेय," तेव्हा भाऊजींच्या कपातला चहा बशीत सांडला.

"पाठ? म्हणजे कसे?"

"पिसलेला कॅट घ्यायचा, एकदा बघून ठेवायचा, आणि मग दुसऱ्या कॅटातले पत्ते तसेच, त्याच क्रमानं लावून दाखवायचे. बावन्नच्या बावन्न. वाचनालयातल्या बाई शिकवतात. त्याची स्पर्धासुद्धा असते. मी नाव दिलंय."

"नाव दिलंस ते बरं केलंस," भाऊजी म्हणाले. "पण स्पर्धेचा पत्ता लक्षात राहील ना?"

हसून हसून बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीही हसली. इतकी वर्षं हसतच आली होती. पण या खेपेला ती सगळ्यांच्या आधी थांबली.

हसली नाही ती एकटी भाची, बहिणीची मुलगी. ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. पत्त्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण वेग हा तिचा प्रांत होता.

"किती वेळ लागतो तुला?" तिनं विचारलं.

"पाचेक मिनिटं."

"कमी करू या की."

दुसऱ्या दिवसापासून भाची दुपारचा वर्ग संपवून, केस ओलेच असताना, मावशीकडे यायला लागली. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. मावशीनं तिला युक्ती समजावली. प्रत्येक पत्त्याचं एक माणूस करायचं. इस्पिक राजा म्हणजे कारखान्यातला खडूस सुपरवायझर, बदाम राणी म्हणजे ताई, किलवर गुलाम म्हणजे भाऊजी. मग मनातल्या मनात ओळखीच्या वाटेनं चालत जायचं आणि एकेका जागेवर दोन-दोन माणसं सोडायची. पहिलं काहीतरी करतं, दुसऱ्याच्या वाट्याला ते येतं. मावशीची वाट कारखान्यातली होती: फाटक, कटिंगचं टेबल, ओव्हरलॉक मशीन, काज-बटणांचा कोपरा, इस्त्री, पॅकिंग, अशा सव्वीस जागा. कटिंगच्या टेबलावर ताईनं सुपरवायझरची विजार कापली, की झाले दोन पत्ते पाठ.

भाऊजींच्या कानावर हे गेलं तेव्हा ते रुसले. "मला गुलाम केलंस होय?"

"राजाला दाढी लागते, भाऊजी."

भाची चार दिवस नुसती समोर बसून बघत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "मावशी, तू बोलतेस."

"छे! तोंड मिटलेलं असतं माझं."

"ओठ हलतात. प्रत्येक पत्त्याचं नाव घेतेस. जीभ जेवढी पळते तेवढीच तू पळतेस. डोळे त्याहून जोरात पळू शकतात." असं म्हणून तिनं पाण्याचा पेला पुढे केला. "घोट घे. गिळायचा नाही. कॅट संपेपर्यंत तोंडात धर."

पहिला आठवडा हाल झाले. नावं घेता येईनात तेव्हा माणसंच दिसेनात. पत्ते नुसते लाल-काळे कागद होऊन हातातून निघून जायचे. मावशी चिडायची, कॅट टेबलावर आपटायची. "माझं वय बघ जरा!" असं एकदा ओरडलीसुद्धा.

"वय पाण्यात उतरताना विचारतात," भाची म्हणाली. "तू पिस."

त्यातच एकदा भाऊजी मजा बघायला आले आणि टेबलापाशी वाकून गुलामासारखी तलवार धरून उभे राहिले. मावशीच्या तोंडातलं सगळं पाणी कॅटावर आणि भाऊजींच्या शर्टावर. दोघी पोट धरून हसल्या, पत्ते दोरीवर वाळत घातले गेले, आणि कसं कोण जाणे, त्या दिवसानंतर कुठेतरी गाठ सुटली. पत्ता उलटला की नावाच्या आधी माणूसच उभं राहायला लागलं. वेळ भराभर उतरला. पाचाचे तीन झाले, तिनाचे दोन.

आणि तिथे गाडं अडलं. काही केल्या दोनाच्या खाली जाईना.

"कारखान्यात गर्दी झालीय गं," एक दिवस मावशी वैतागून म्हणाली. "सकाळी बसवलेली माणसं दुपारी तिथेच असतात. इस्त्रीपाशी कालचा सुपरवायझर आणि आजची ताई, दोघंही! कोण खरं ते कसं कळायचं?"

भाचीनं शिट्टी खिशात टाकली. "चल माझ्याबरोबर."

तिनं मावशीला तरणतलावावर नेलं. तिकिटाची खिडकी, चपलांची फळी, कपडे बदलायच्या खोल्या, उथळ पाणी, उडीची फळी, शेवटी गरम पाण्याचे नळ. दोघींनी ती वाट इतक्यांदा पालथी घातली की तिकिटवाला विचारायला लागला, आजी कुणाला शोधताहेत? मग आणखी एक वाट दवाखान्याची केली, एक बाजारातली. एकदा वापरलेली वाट रिकामी होईपर्यंत विसाव्याला सोडायची आणि दुसरी धरायची. मावशीचा वेळ दीड मिनिटाच्या आत आला, तेव्हा भाचीनं स्टॉपवॉच तिच्या डोळ्यांसमोर धरलं.

स्पर्धेच्या दिवशी दोघी वेळेआधीच पोचल्या. सभागृहात टेबलांच्या रांगा, बहुतेक पोरं विशीतली, कानांवर मोठाले हेडफोन. मावशीच्या शेजारच्या तरुणानं तिला विचारलं, "काकू, प्रेक्षकांची जागा मागे आहे ना?"

"असेल," मावशी म्हणाली. "मी इथेच बसते."

प्रत्येकाला दोन फेऱ्या. त्यातली चांगली धरायची. पहिलीत सावकाश जाऊन पूर्ण कॅट पदरात पाडायचा आणि दुसरीत जीव खाऊन पळायचं, असं दोघींचं ठरलं होतं. पहिली नीट पार पडली. दुसऱ्या फेरीला मावशीनं तलावाची वाट धरली आणि अशी सुटली की शेवटचा पत्ता उलटून घड्याळ दाबलं तेव्हा शेजारचा तरुण अजून पत्ते उलटतच होता.

मग लावायची वेळ. खिडकी, फळी, खोल्या, सगळे आपापल्या जागी सापडत गेले. गरम पाण्याच्या नळांपाशी मात्र नुसती वाफ. हातात दोन पत्ते उरले: चौकट सत्ती आणि किलवर गुलाम. म्हणजे घरमालकीण आणि भाऊजी. आधी कोण? अंदाजानं लावावं असा मोह झाला. पण ती डोळे मिटून वाफेत शिरली आणि थांबली. हळूहळू कुणाचं तरी डोकं फेसानं भरलेलं दिसलं, टक्कल पडलेलं. भाऊजींचंच. घरमालकीण ते खसाखसा घासत होती! घासते ती आधी. तिनं सत्ती ठेवली, वर गुलाम ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

पंच टेबलापाशी आली. दोन्ही कॅट शेजारी ठेवून एकेक पत्ता उलटायला लागली. जोडी जुळली, जुळली, जुळली. शेजारचा तरुण आपला निकाल सोडून इकडेच बघत होता. शेवटच्या दोन जोड्याही जुळल्या तेव्हा पंचबाईनं घड्याळाकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"एक मिनिट चार सेकंद. सगळे बरोबर."

घरीसुद्धा कधी एवढी झेप जमली नव्हती. मागच्या रांगेतून शिट्टीचा कर्कश आवाज आला. सभागृहात शिट्टी वाजवू नये म्हणून भाचीला कुणीतरी दटावलं, तर तिनं पुन्हा वाजवली. मावशी एकंदरीत सातवी आली, साठीच्या पुढच्या गटात पहिली. शेजारचा तरुण अकरावा. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, वाट कुठली होती तुमची?"

"बस, सांगते," मावशी म्हणाली.

भाऊजींना फोन तिनं स्वतः केला. निकाल सांगितला. मग ते म्हणाले, "पदक गळ्यात आहे का?"

"आहे."

"काढू नकोस. तशीच ये. मी गल्लीत उभा राहतो."

तिनं काढलं नाही. परतीच्या बसमध्ये समोरच्या सीटवरच्या बाई त्या पदकाकडे सारख्या बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "कशाचं हो?"

एरवी मावशी "काही नाही, आपलं असंच" म्हणाली असती. आज तिनं पाठ ताठ केली, पदक बोटांनी सरळ केलं आणि अगदी पहिल्या पत्त्यापासून सांगायला सुरुवात केली. भाची खिडकीला टेकून ऐकत होती.