ओर्लीनच्या बोटांचे ठसे

ओर्लीन टॅकेटच्या बोटांचे ठसे राज्य सरकारने परत पाठवले. ही बातमी सकाळी दहाला आली आणि जेवणाआधीच सगळ्या वृद्धाश्रमात पोचली. पत्रात एवढंच होतं की ठसे वाचता येत नाहीत, पुन्हा द्या. पण लोकांना एवढ्यावर थोडंच भागतं! केंटकीच्या डोंगरातलं गाव ते. कुणाची कोंबडी कुणाच्या परसात अंडं घालते तेही तिथे सगळ्यांना ठाऊक.

"मावशी, खरं सांगा, कुठली बँक लुटलीत?" केंड्राने हसत विचारलं. पोरगी कामावर नवी, पण जीभ जुन्यांपेक्षा तिखट.

"लुटली असती तर इथे उष्टी ताटं उचलत बसले असते का गं?" ओर्लीन म्हणाली खरी, पण तिला झोंबलं ते झोंबलंच.

सत्तावीस वर्षं ती इथे नर्सिंग असिस्टंट होती. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं. राज्याच्या नोंदवहीत तिचं नाव होतं आणि दर दोन वर्षांनी ती ते नेमाने पुढे चालू ठेवत आली होती. आता वृद्धाश्रम विकला गेला आणि नव्या मालकाने बोटांचे ठसे घेऊन सगळ्यांची चारित्र्य पडताळणी पहिल्यापासून काढली. बाकीच्यांची झालीसुद्धा.

"निकाल येईपर्यंत तुम्ही कुणाला हात लावायचा नाही," नव्या व्यवस्थापक व्हॉसबाई म्हणाल्या. "कपड्यांच्या घड्या घाला. महिनाअखेर नाही आला, तर मला तुमची जागा भरावी लागेल." आवाज गोडच होता, पण नजर म्हणत होती, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

चौदा नंबरच्या खोलीत ब्लेव्हिन्स होते. एकेकाळचे फौजदार. उजवी बाजू लुळी, स्वभाव मात्र अजून वर्दीतला. ते फक्त ओर्लीनच्या हातून जेवायचे. केंड्राने चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे. चार दिवसांत गालफडं बसली. शेवटी ओर्लीन दारातूनच ओरडली, "अहो फौजदारसाहेब, माझ्यावरचा राग त्या पोरीवर का काढताय?"

"इकडे ये. हात दाखव." त्यांनी लांबूनच निरखलं. "अर्ध्या जिल्ह्याचे ठसे घेतलेत मी शाईने. चोरांचे फक्कड यायचे. भांडीवाल्या, गवंडी, खाणकामगार, यांचेच यायचे नाहीत, कामाने रेघा झिजलेल्या. आठवडाभर पाण्यात हात घालू नकोस. मलम चोळ, मोजे घालून झोप. रेघा वर येतील."

आठवडाभर हात धुवायचे नाहीत! अरे देवा! माणसाला हात लावण्याआधी धुवायचे, लावल्यावर धुवायचे, गरम पाणी, साबण, वीस सेकंद. हे अंगात भिनलेलं. पण ओर्लीनने केलं. लेक ट्रीनाने भांडी घासली. ओर्लीन हातमोजे चढवून राणीसारखी खुर्चीत बसायची आणि मनातल्या मनात चडफडायची. आठव्या दिवशी उजेडात बोटं धरली तर बारीक बारीक रेघा खरंच उमटल्या होत्या.

ठसे द्यायचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी होतं. तिथे दाराबाहेरच्या रांगेत चाकांच्या खुर्चीत एक म्हातारी होती, शेजारी तिची सून. ओर्लीनचा नंबर येणार एवढ्यात म्हातारीला भडभडून उलटी झाली. सून घाबरून नुसती "अगंबाई, अगंबाई" करत राहिली आणि खुर्ची उताराकडे सरकायला लागली.

ओर्लीन कधी उठली ते तिचं तिलाही कळलं नाही. आधी खुर्चीचा ब्रेक लावला. मान एका बाजूला वळवली, तोंड पुसलं, झगा सारखा केला. "झालं हं आजी, झालं. असं होतंच." मग आत जाऊन तिने नळ सोडला. गरम पाणी, साबण, बोटांच्या बेचक्या, मनगटापर्यंत. आणि हात पुसताना तिच्या काळजात धस्स झालं.

आठ दिवसांची तपश्चर्या वीस सेकंदांत गेली. काचेवर बोटं ठेवली तर यंत्राने दहाही वेळा लाल दिवा दाखवला.

"कसली गाढव मी!" ओर्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं.

खिडकीतल्या बाईने सगळं पाहिलं होतं. "रडू नका हो ताई. हे पाठवते, हेही परत येतील. दोनदा परत आले की नुसत्या नावावरून पडताळणी करतात, नियमच आहे तसा. तुमच्या साहेबांना ठाऊक नसेल." तिने नियमाचा कागद छापून दिला. "नावात काही लपलेलं नाही ना?"

"शोधा म्हणावं," ओर्लीन ताठ होऊन म्हणाली.

ओर्लीनने तो कागद व्हॉसबाईंच्या टेबलावर ठेवला. नावावरून केलेल्या पडताळणीचा निकाल महिन्याच्या शेवटच्या दिवशी आला. व्हॉसबाईंनी तिला बोलावलं आणि संगणकाच्या पडद्यावरून वाचू लागल्या. "ओर्लीन मे टॅकेट. प्रमाणपत्र चालू. गुन्हे, नाहीत. मारहाणीची तक्रार, नाही. हेळसांड, नाही. चोरी, नाही." त्यांनी पडद्यावरून नजर काढली. "सत्तावीस वर्षांत काहीच नाही हो. सगळं रिकामं आहे."

"रिकामं ठेवायलाच सत्तावीस वर्षं लागली, बाई," ओर्लीन म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता आणि तिला तो लपवायचाही नव्हता.

व्हॉसबाई उठून उभ्या राहिल्या. "चौदा नंबरचं जेवण अजून व्हायचंय," त्या हळूच म्हणाल्या.

ओर्लीनने चौदा नंबरमध्ये जाऊन मनसोक्त हात धुतले. ताकात कुस्करलेला मक्याचा पाव घेऊन ती बसली, तेव्हा ब्लेव्हिन्सनी डाव्या हाताने तिची बोटं धरली आणि सवयीने एकेका टोकावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत.

"कुठे गेले गं ठसे?"

"अर्धे तुमच्याच पाठीवर असतील, फौजदारसाहेब," ती म्हणाली. "आता तोंड उघडा."

त्यांनी उघडलं.