पातळ ढगांचा उन्हाळा

चूक सापडली ती मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, आणि सापडली कुणाला, तर जिनं केली तिलाच. झाडं किती पाणी पितात हे उपग्रहाच्या चित्रांवरून सांगणं हे तिचं काम. जंगल गार दिसलं की झाडं भरपूर पाणी ओढून हवेत सोडताहेत, असं साधं गणित. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात टेकडीवरचं जंगल फारच गार दिसलं होतं. निम्मी झाडं काढली तर तलावात पाणी वाढेल, असं तिनं अहवालात ठोकून दिलं होतं.

आता तीच चित्रं पुन्हा उघडली, तर नऊपैकी पाच दिवशी आकाशात खूप उंचावर पातळ ढग होते. उपग्रहानं ढगाचा गारवा मोजला आणि या बाईसाहेबांनी तो झाडांच्या नावावर लावला. ढगाळ चित्रं गाळायची चाळणी तिनंच सैल केली होती, नाहीतर अहवाल लांबला असता. घाई नडली, दुसरं काय.

ठरलेल्यातली बहुतेक झाडं केव्हाच तोडून झाली होती. तलावात पाणी वाढलं नाही, गाळ तेवढा आला.

साहेबांना सांगणं सोपं गेलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि उरलेली तोड थांबवली. जड गेलं ते काकांना सांगणं. काका त्याच जंगलाचे राखणदार. वडिलांच्या मागे तिला शिकवलं ते त्यांनीच.

संध्याकाळी ती चौकीवर गेली, तेव्हा काका बुटांचा चिखल खरवडत होते. तिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"त्या उन्हाळ्यात सूर्याभोवती सारखं पातळ ढगांचं खळं पडायचं," काका म्हणाले. "मला विचारायचंस की."

दर रविवारी ती त्यांना फोन करायची. तब्येत विचारायची, गुडघा विचारायची. आकाश कसं आहे, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग काकांनी सांगितलं की तोडायच्या झाडांवर खुणा करायला बाकीचे राखणदार तयार नव्हते. हटूनच बसले होते.

"मी म्हणालो, माझी पुतणी आहे, तिचं चुकायचं नाही. आणि रंगाचा डबा घेऊन मीच निघालो. चार दिवस लागले. एकेक झाड माझ्या हातानं."

काकांचा आपल्यावरचा विश्वासच त्या झाडांना भोवला, हे तिला तेव्हा कळलं. एवढ्याला माफी पुरणार नव्हती, आणि माफी मागायला आलेली ती माफी न मागताच उठली.