आठ दिवस आधी कापलेलं भात

मला राग लवकर येतो. आचऱ्यात मला तोंडावर भिकाजीदादा म्हणतात आणि पाठ वळली की जमदग्नी. म्हणोत बापडे. पण त्या सामन्याच्या दिवशी मी ज्या माणसावर रागावलो, त्याचं आजही वाईट वाटतं, म्हणून सांगतो.

साल अठ्ठावन्न. दसरा होऊन गेला होता आणि दिवाळीला दहा-बारा दिवस होते. गावचा फुटबॉलचा संघ मी चालवायचो. चालवायचो म्हणजे चेंडू माझा, पंप माझा आणि शिव्याही माझ्याच. तरुणपणी मुंबईला गोदीत असताना मी खेळलो होतो, मग गुडघा गेला आणि मी गावी आलो. आमचे खेळाडू सगळे शेतात नाहीतर रापणीवर, किनाऱ्यावरून मासळीचं जाळं ओढत राबणारे, पायात काही नाही. त्यांत एकच खरा खेळणारा, बाबली. माझ्या धाकट्या बहिणीचा, रुक्मिणीचा मुलगा. बावीस वर्षांचा होता तेव्हा.

रुक्मिणीचा नवरा बाबली सहा वर्षांचा असताना गेला. भाताचे चार कुणगे, म्हणजे बांध घातलेले चार तुकडे, आणि एक म्हैस, एवढ्यावर तिने पोर वाढवलं. चार कुणग्यांचं भात शिमग्यापर्यंत पुरायचं. पुढे पाऊस पडेपर्यंत ती लोकांच्या कामाला जायची आणि घरात पेज शिजायची. माझ्याकडून मूठभर तांदूळ घेईल तर शपथ. आमच्या घराण्यात ताठा भारी, मी तरी काय बोलणार?

त्या वर्षी वेंगुर्ल्याचे हरिश्चंद्र नाईक सुटीवर आले होते. मुंबईच्या एका गिरणीचा संघ त्यांच्या हाताखाली होता. त्यांनी निरोप धाडला, 'रविवारी वेंगुर्ल्याची पोरं घेऊन आचऱ्याला येतो. पुढच्या फळीत खेळणारा एक माणूस हवा आहे. जागा एकच आहे, पण नोकरी कायमची.' निरोप ऐकून मला आनंद झाला आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. कारण मे महिन्यात वेंगुर्लेकरांनी आम्हाला कोरड्या मैदानावर पाच गोलांनी धुतलं होतं. त्यांच्या पायात बूट. चेंडू जमिनीलगत सरळ एकमेकांकडे जायचा आणि आमची पोरं नुसती मागे धावायची. बाबलीच्या पायावर कुणाचा तरी बूट पडला, तर आठ दिवस लंगडत होता.

पावसात मात्र गोष्ट वेगळी होती. मुंबईत म्हणतात की पाऊस बूटवाल्यांचा, अनवाणी माणूस घसरतो. हिरवळीवर घसरत असेल. आमचं मैदान म्हणजे देवळामागचा पडीक मळा, चिकण मातीचा. भिजला की बुटाला पायलीभर माती धरून ठेवतो. आणि आमची पोरं चार महिने गुडघाभर चिखलात नांगर धरणारी, त्यांच्या पायाची बोटं जमिनीत रुततात. चामड्याचा चेंडू पाणी पिऊन नारळाएवढा जड झाला की तो घरंगळत नाही, थबकतो. कुठे थबकेल ते बाबलीला आधी कळायचं. पाणी कुठे साचतं हे ज्याला कळतं, त्याला चिखलात चेंडू शोधावा लागत नाही.

पण पाऊस कुठला? आठ दिवस आभाळ स्वच्छ होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी बहिणीच्या घराकडे गेलो, तर कुणग्यात भात आडवं. चारही कुणगे कापून मोकळे. आजूबाजूला सगळ्यांचं भात उभं होतं, दाणा अजून भरत होता, आणि ही बाई विळा धुवत होती.

"रुकमे, तुका अक्कल आसा काय गो? आठ दिवस तरी थांबाचा होता."

"हातात वेळ होतो, कापलंय," ती म्हणाली.

"अर्धा हिरवा आसा. आणि भिजला तर?"

"भिजला तर भिजला."

माझं डोकंच फिरलं. आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल की भात आडवं झालं की पाऊस उभा राहतो. महिनाभर न आलेला पाऊस पहिला विळा लागला की हमखास येतो. म्हणून तर सगळे एकमेकांकडे बघत बसतात, आधी तू काप म्हणून. आणि परवा सामना असताना बाबलीलाही हिने दिवसभर वाकवलं असणार! तसं मी बोललोही. ती म्हणाली, "तेका हात लावूक दिवक नाय. मी आणि जानकीन कापला." जानकी तिची शेजारीण. मी तणतणत घरी आलो.

रविवारी सकाळी संघ देवळात उभा केला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं घालायला लागलो तेव्हा जिभेवर पाऊस आला होता, खोटं कशाला बोलू? पण गावाचं भात पिकत आलेलं. एकाच्या नोकरीसाठी देवाकडे पाऊस मागायचा, हे माझ्याच्याने झालं नाही. "बा देवा म्हाराजा, ही पोरां तुझी लेकरां, गावाची लाज राख," एवढंच म्हटलं. पोरं म्हणाली, "व्हय म्हाराजा." मागे बायकांत रुक्मिणी होती. तिचा आवाज सगळ्यांच्या वर आला.

सामना दुपारी चारला सुरू झाला. नाईकसाहेब खुर्चीवर, मांडीवर छत्री. वेंगुर्ल्याच्या पुढच्या फळीत सत्यवान नावाचा मुलगा होता, काजूच्या कारखान्यात कामाला. पाय असा साफ की बघत राहावं. त्याने पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले. बाबलीला चेंडू मिळेचना, आणि मिळाला तर दोन बूट त्याच्या अंगावर. साहेबांनी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. माझा घसा शिव्या देऊन बसला होता.

मध्यंतराच्या थोडं आधी घाटाच्या बाजूने आभाळ काळं व्हायला लागलं. मध्यंतराची शिट्टी झाली आणि पहिले टपोरे थेंब पडले. मी हात जोडले. आणि बघतो तर बाबली मैदान सोडून घराच्या वाटेला लागलेला.

"मेल्या, खंय चललंस?"

"मामा, भात!" तो म्हणाला. "सगळा भात आडवा आसा. आये एकटी काय करतली? वर्साचा खाणा जाताला."

साहेब खुर्चीवर, जागा एक, आणि पोराचा जीव कुणग्यात. बरोबर होतं त्याचं. त्याला धरावं की सोडावं, मला कळेना.

वाटेवर रुक्मिणी उभी होती. डोक्यावर इरलं नाही, काही नाही, भिजत.

"माघारी फिर," ती म्हणाली.

"आये, भात..."

"भात मी बघतंय. जानकी आसा, लक्ष्मी आसा. आम्ही उचलतंव. तू खेळ."

तो फिरला. बारा कोसांवर आईचा शब्द ऐकणारं पोर ते. पण ती काही कुणग्याकडे गेली नाही. वाटेवर तशीच उभी राहिली, तो परत पळेल म्हणून वाट अडवून. मी तिला हातवारे करून सांगतोय, जा गो, अर्धं तरी उचल! तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिची नजर पोरावर. जानकी-लक्ष्मी या दोघी शेजारणी मैदानाच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, म्हणजे कुणग्यात कुणीच नव्हतं. राग माझ्या कानांतून बाहेर यायचा बाकी होता.

दुसऱ्या डावाला पाच मिनिटं झाली आणि मैदानाचा चिखल झाला. वेंगुर्लेकर चेंडू सरळ मारायचे, तो वाटेत पाण्यात थबकायचा. त्यांचे बूट मण-मणाचे झाले होते. पाय उचलला की खाली मातीचा गोळा. बाबली पाणी चुकवून कडेच्या उंच पट्टीवरून धावला. चेंडू जमिनीवरून न नेता बोटांनी उचलून, गुडघ्यावर घेऊन पुढे टाकत तो चालला. पहिला गोल तसाच झाला. दुसऱ्यात चेंडू त्यांच्या गोलरक्षकापुढच्या डबक्यात अडला. तो वाट बघत राहिला, बाबलीने वाट बघितली नाही. तिसरा शेवटच्या घटकेला, कुणाच्या पायाला लागून गेला ते मला पावसात दिसलंही नाही. पोरांनी बाबलीला उचललं तेव्हा समजलं.

सत्यवान कडेला बसून बूट सोडत होता. "काका, पाऊस नसतो तर?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "नसतो तर तूच जातलं होतंस रे." खोटं बोलून उपयोग नव्हता. तो मान खाली घालून नाडी सोडत राहिला, आणि मला जिंकूनही बरं वाटेना.

नाईकसाहेब बाबलीला म्हणाले, "मुंबईत आमचे सामने भर पावसात असतात. कोरड्यावर खेळणारे मला पुष्कळ मिळतात. दिवाळी झाली की मालवणहून आगबोट पकडा."

मी तिथून थेट कुणग्यावर गेलो. रुक्मिणी बांधावर बसली होती. चारही कुणग्यांत पाणी, पाण्यात भात. मी तोंड सोडलं. जे जे आठवलं ते बोललो. हट्टी म्हटलं, आंधळी म्हटलं. "तीन बायका उभ्या रवून बघतास! अर्धा तरी उचलूक येय होता. आणि आधी कापलंस कित्याक? सगळ्यांचा उभा आसा, त्यांका एका सरीन काय झाला नाय. तुझाच आडवा!"

ती माझं बोलून होईपर्यंत थांबली.

"दादा," ती म्हणाली, "तूच सांगलंस ना, पाऊस इलो तर बाबलीचो खेळ दिसतलो? मग पाऊस कसो येतलो होतो? देवाकडे मागलंव तर गावाचा भात भिजतला. म्हणान माझा कापलंय. आडवा झाला की येताच तो."

मी पाण्यातल्या पेंढ्यांकडे बघितलं.

"आणि उचललंव असता," ती म्हणाली, "आणि पाऊस आल्या पावलांनी माघारी गेलो असतो, तर? खेळ संपेपर्यंत भात आडवाच ठेवक होया होता." मग पदर पिळला. "बाबलीक सांगा नको. थंय त्येचा मन लागाचा नाय."

मी तिच्या शेजारी चिखलात बसलो. दुसरं काय करणार? मग दोघांनी उठून पेंढ्या बाहेर काढायला सुरुवात केली. पाठोपाठ जानकी-लक्ष्मी आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, एक मीच शहाणा राहिलो होतो.

अर्ध्या भाताला मोड आले. उरलेलं उकडून वाळवलं, त्याचा तांदूळ काळपट झाला आणि भाताला कुबट वास यायचा. ती शिमग्यापर्यंत तेच जेवली. मुंबईहून बाबलीचं पत्र आलं की मी वाचून दाखवायचो आणि उत्तर लिहायचो. 'भात कसा झाला?' असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बरा झाला म्हणान लिव." मी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

पुढच्या वर्षी नाईकसाहेबांचा पुन्हा निरोप आला. आणखी एक जागा होती. आमच्या गोलरक्षकाला, धोंडूला, ती मिळाली असती. चांगला पोर, घरी तीन बहिणी. सामन्याला दोन दिवस होते आणि आभाळ कोरडं. माझं भात उभं होतं, आठ दिवसांत कापायला येणारं. मी विळा घेऊन पहाटे कुणग्यात गेलो. पहिली मूठ हातात धरली. घरात खाणारी सहा माणसं आहेत, असं मनात आलं. मग दाणा अजून भरला नाही, असं आलं. उन्हं वर येईपर्यंत मी तशीच मूठ धरून उभा होतो.

विळा तसाच घेऊन मी घरी आलो. सामना कोरड्यावर झाला, आम्ही हरलो, आणि धोंडू अजून रापण ओढतो.