आत्याचं पुडिंग कोणी खाल्लं?

आत्याकडे मुक्कामाला आलेली अठरा माणसं दुपारी पोटभर जेवली आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या सहा जणांनी संडासासमोर रांग लावली. आरोग्य खात्याच्या निरीक्षक बाई वही घेऊन आल्या आणि कोणी काय खाल्लं, ते एकेकाला विचारू लागल्या.

बाईंचा संशय होता अंड्याच्या पुडिंगवर. ते आत्याने स्वतः केलं होतं आणि आत्या समोरच बसली होती. त्यामुळे अठराच्या अठरा जणांनी छातीठोकपणे सांगितलं, "खाल्लं की! दोनदा मागून घेतलं!"

बाई चक्रावल्या. सगळ्यांनीच खाल्लं असेल, तर बारा जण ठणठणीत कसे?

"म्हणजे पुडिंग निर्दोष सुटलं!" आत्या खूश होऊन चहा टाकायला आत गेली.

बाईंनी लगेच आवाज खाली आणला. "आता खरं सांगा."

"मी खिडकीतल्या कुंडीत पुरलं," सून पुटपुटली.

"मी रुमालात बांधलं," जावई म्हणाले.

एकेक करत बाराही जण कबूल झाले. पुडिंग खरोखर गिळलं होतं ते फक्त त्या सहा जणांनी. बाईंनी वहीत विषबाधेचा उगम म्हणून पुडिंग लिहून टाकलं.

मान वर केली तर दारात आत्या! सगळ्यांची पाचावर धारण बसली. आत्या मात्र बारा जणांकडे ढुंकूनही न बघता कण्हणाऱ्या थोरल्या भावापाशी गेली.

"माझी माणसं म्हणावीत तर तुम्ही सहाच," ती डोळे पुसत म्हणाली. "बरं वाटू दे, तुमच्यापुरतं पुन्हा करते."

भावाने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.