जुमेरातचा धूर

अदीबानं गाडीची चावी घरात खुंटीला अडकवली आणि मगच बॉनेट उघडलं. हायब्रिड गाडी बंद दिसते म्हणून बंद असतेच असं नाही. बॅटरीवर गुपचूप बसून राहते आणि मनात आलं की इंजिन सुरू करते. असल्याच स्वभावाची माणसं घरात असल्यामुळं गाडीबद्दल अदीबाची काही तक्रार नव्हती.

एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या जाड नळीवर अंगठ्याएवढा सेन्सर असतो. तिनं त्याची वायर सोडवली, स्क्रू काढले आणि तो अलगद वर उचलला. इंजिन किती हवा ओढतंय हे मोजणं त्याचं काम. त्याचं माप चुकलं की पेट्रोलचा हिशेब चुकतो आणि गाडी चढावर धापा टाकते. परवा दौलताबादच्या घाटात ती धापा टाकत बंदच पडली. मागं भाडं ठरवून वेरूळची लेणी बघायला निघालेले पाहुणे बसले होते.

मागच्या महिन्यात अशीच बंद पडली, तेव्हा अदीबानं घरात सगळ्यांसमोर शब्द दिला होता: पुन्हा बंद पडली तर विकून टाकीन. शब्द देताना माणूस फार उदार असतो. तिचा मोठा भाऊ साकिब प्लॉटच्या दलालीत होता. आपला शब्द तो विसरे, दुसऱ्याचा कधीच नाही. आज तो रोशन गेटजवळच्या त्यांच्या बोळात हजर झाला तो चितेगावच्या कारभारींना मोटरसायकलवर मागं बसवूनच. गिऱ्हाईक म्हणून.

"लेडीज ड्रायव्हरची गाडी आहे," साकिब सांगत होता. "चालवली कमी, पुसली जास्त."

"मग आज उघडून का ठेवली?" कारभारी वाकून बघत म्हणाले. "बाजारात बैलाचे पाय धुवून आणले की मी खूर जास्त बघतो."

अदीबाला हसू आलं. सेन्सरच्या पोटात केसासारखी बारीक तार असते. तिला बोट लावायचं नसतं, फडकं तर नाहीच. अदीबानं त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे थोड्या अंतरावरून मारला. तपकिरी थेंब गळाले आणि स्प्रेच्या उग्र वासातून दुसराच एक ओळखीचा वास वर आला. तिनं जुना फिल्टर काढून नाकाशी धरला.

लोबान.

तिनं दाराकडं पाहिलं. अम्मी चहाचा ट्रे घेऊन पायरीवर उभी होती. दर जुमेरातला, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी, अम्मी घराला लोबानचा धूर देई आणि मग खाली उतरून गाडीला. इंजिन सुरू करायला लावून, बॉनेट उघडायला लावून, आतपर्यंत. तिचं म्हणणं, पोरगी परक्या माणसांना घेऊन घाट चढते; नजर काय नुसती काचेलाच लागते? आणि अदीबा हसत बॉनेट उघडून द्यायची. तिनं स्टिअरिंग धरलं तेव्हा अख्खा मोहल्ला काही ना काही बोलला होता. अम्मी बोलली नव्हती. तिनं लोबानदानी उचलली होती.

तो धूर इंजिननं इमानदारीनं आत ओढून त्या बारीक तारेवर बसवला होता, जुमेरातमागून जुमेरात.

"मिला कुछ?" साकिबनं विचारलं.

"सुकू दे आधी."

सेन्सर सुकला. तिनं तो जागेवर बसवला, नवा फिल्टर टाकला, चावी आणली, स्कॅनर लावून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा घालवला. कारभारी पुढं बसले, साकिब मागं. दिल्ली गेटपर्यंत जाऊन गाडी परत आली. मधेच इंजिन बॅटरीच्या मदतीला आलं, पण इतकं हळू की कारभारींनी दोनदा विचारलं, "झालं का सुरू?"

बोळात उतरताच ते म्हणाले, "घेतो."

साकिबचा चेहरा उजळला. बहिणीच्या हुशारीचा त्याला इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता.

"पण खराबी कशाची व्हती, ते सांगा," कारभारी म्हणाले.

अम्मी चहा देत होती, तिचा हात थांबला. उत्तर अदीबाच्या जिभेवर तयार होतं. ते दिलं असतं तर साकिबचं तोंड कायमचं बंद झालं असतं. आणि अम्मी कुठल्याच जुमेरातला ती पायरी उतरली नसती.

"मीच लक्ष दिलं नाय," अदीबा म्हणाली. "चूक माझी."

"सुनलो," साकिब कारभारींना म्हणाला. "अपने मुंह से बोल रही."

"हौ. चूक माझी, गाडीपण माझी. विकायची नाय."

"जबान दी थी तूने. सबके सामने."

"दिली होती. आता सगळ्यांसमोरच परत घेते. बाहेरचा साक्षीदार तूच आणलास, बरं झालं."

कारभारींनी उरलेला चहा बशीत ओतला, सावकाश प्यायला. "साकिबभाई, पुढच्या टायमाला जिची गाडी तिला इचारून गिऱ्हाईक आणत जा. माझी अर्धी सकाळ गेली." मग अदीबाकडं वळले. "ताई, चितेगावला सोडता का? भाडं ठरवून घेऊ. यांच्या मोटरसायकलवर कंबर लई दुखली."

"बसा," अदीबा म्हणाली आणि बॉनेट लावलं.

अम्मीनं खाली कागदावर पडलेला जुना फिल्टर उचलला. नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. अदीबा काच पुसत होती, आधीच स्वच्छ असलेली. अम्मीनं फिल्टर ओढणीखाली घेतला आणि पायरी चढली.

साकिब कमरेवर हात ठेवून गाडीच्या पुढंच उभा होता. अदीबा स्टिअरिंगमागं बसली, पण तिनं हॉर्न वाजवला नाही.

"साकिब," अम्मी पायरीवरून म्हणाली, "बाजू हो. उसकू निकलना है."